मदत हवी आहे: डोक्याला मार लागल्यापासून बोलणं बिघडलंय

आंबेवाली (देवगड):
नवऱ्याचं बोलणं अजून ताळ्यावर येत नाही. डॉक्टर म्हणतात स्कॅन ठीक आहे, वेळ लागेल. हंगाम तोंडावर आलाय, गिऱ्हाइकांचे फोन सुरू झालेत. बोलणं लवकर सुधारेल असं औषध आहे का? लवकर सांगा.

खाडीकाठ:
ताई, बिघडलंय म्हणजे काय? शब्द सापडत नाहीत, जीभ जड पडते, की समोरच्याचं कळत नाही? मार कशाने, कधी लागला?

पोफळी:
वडिलांना अर्धांगवायूनंतर असंच झालं होतं. चित्रांचा तक्ता करा. शिवाय रोज आरती म्हणवून घ्या. आमचे वडील पाणी मागू शकत नव्हते, पण आरती म्हणायचे.

आंबेवाली:
तक्ता नको हो, शब्द स्वच्छ आहेत. गेल्या मे महिन्यात आंब्याच्या कलमावरून पडले, कपाळावर आपटले. काल मुंबईच्या गिऱ्हाइकाने पाच डझनाच्या पेटीचा भाव विचारला. ह्यांनी फवारणीपासून सुरुवात केली, तिथून चुलत्यांच्या बांधावर गेले, भाव सांगितलाच नाही. समोरच्याने फोन ठेवला. घरात चार माणसं एकदम बोलली की चिडून उठतात.

गजाली:
झेलो (आंबे काढूची जाळयेची काठी) असताना कलमार चढाचा कशाक?

खाडीकाठ:
जुन्या कलमांना झेला पुरत नाही. त्याचा वेगळा धागा काढा.

पोफळी:
तरी आरतीने फरक पडतोच.

वाचासराव (रत्नागिरी):
मी स्पीच थेरपिस्ट. पोफळी, तुमच्या वडिलांना वाचाघात होता, म्हणजे मेंदूच्या इजेने भाषाच बिघडली होती. इथे भाषा शाबूत आहे. लक्ष टिकवणं, मुद्दा धरून ठेवणं ढिलं पडलंय. कपाळामागचा मेंदू ही कामं बघतो, आणि बारीक इजा साध्या स्कॅनमध्ये दिसेलच असं नाही. ताई, यावर गोळी नाही, सराव आहे. फोनशेजारी कागद लावा: नाव, किती पेट्या, भाव, कधी पाठवायच्या. टीव्ही बंद, एका वेळी एकच प्रश्न, उत्तराला वेळ द्या. भरकटले तर 'भावाचं काय ठरलं?' एवढंच विचारा, चारचौघांत टोकू नका. दमल्यावर जास्त भरकटतात, म्हणून फोन सकाळी घ्या. ऐकू नीट येतं ना? अशा माराने कानालाही इजा होते. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत वाचा आणि कान दोन्ही तपासतात.

बंदरवाट:
२०१६च्या दिव्यांग कायद्यात वाचा आणि भाषेचा दोषही धरलाय. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून घ्या.

आंबेवाली:
कार्डाचं नंतर बघू. कागद आत्ताच लावते. फोन हल्ली उजव्याच कानाला धरतात, पूर्वी डाव्या कानाला धरायचे. मुंबईला जाण्याआधी कानाची तपासणी कणकवलीत होईल का?