मदत हवी आहे: गाठीच्या रिपोर्टमधलं 'नेक्रोसिस' (पेशी मरणं) नेमकं कोणतं?

नमस्कार मंडळी. इंदूरहून, रामबागेतून लिहितेय. ग्रुपवर कुणी पॅथॉलॉजिस्ट असतील तर कृपया वाचा.

माझ्या आत्याचं गर्भाशय फायब्रॉइडमुळे काढलं. रिपोर्टमध्ये निदान 'लियोमायोमा', म्हणजे स्नायूची साधी गाठ, असं आहे. लांबट पेशींचे एकमेकांत गुंतलेले जुडगे, ॲटिपिया (पेशींचा विद्रूपपणा) नाही, हे वाचून हायसं वाटलं. पण पुढे दहा हाय पॉवर फील्डमध्ये (सूक्ष्मदर्शकातून मोठं करून पाहिलेल्या दहा भागांत) सात मायटोसिस (विभागणाऱ्या पेशी), आणि 'गाठीच्या मध्यभागी नेक्रोसिस' एवढंच. प्रकार लिहिलेला नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे नुसत्या वाढलेल्या मायटोसिसवर कॅन्सर ठरत नाही. केंद्रकांचा ठळक विद्रूपपणा, दहा फील्डमध्ये दहा किंवा जास्त मायटोसिस आणि कोॲग्युलेटिव्ह नेक्रोसिस, यांपैकी किमान दोन असतील तर सार्कोमा (स्नायूचा कॅन्सर) म्हणतात. म्हणून सगळा जीव नेक्रोसिसच्या प्रकारात अडकलाय. रक्तपुरवठा कमी पडून झालेलं असेल तर जिवंत आणि मेलेल्या भागांमध्ये तंतुमय पट्टा दिसतो, तो साध्या गाठीतही सापडतो. कोॲग्युलेटिव्हमध्ये मात्र जिवंत पेशी संपल्या की लगेच मृत पेशी, मधे काहीच नाही.

हा फरक त्याच स्लाइड पुन्हा पाहून कळेल, की गाठीचे आणखी तुकडे घ्यावे लागतील? की-६७ ची (पेशी किती वेगाने वाढताहेत ते दाखवणारी) तपासणी इथे उपयोगी पडते का? दुसऱ्या मतासाठी स्लाइडबरोबर पॅराफिन ब्लॉकही (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) मुंबईला टाटात न्यावेत का? आत्या घाबरलीय, तिला खरं आणि नीट सांगायचंय.