मदत हवी आहे : मॉडेल ट्रकच्या रंगावर पांढरट झाक येतेय

मंडळी, १/२४ स्केलचा ट्रक बनवतोय. चॅसी, एक्सल, टायर झकास जमलेत. घोडं अडलंय केबिनच्या लाल रंगापाशी. नाशकात गंगापूर रोडला राहतो, या पावसात हवा इतकी दमट की लॅकर स्प्रे मारला की दारांच्या कडेला दुधाळ झाक धरते. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ रंगावर बसते, एवढं कारण कळलं.

रिटार्डर थिनरचा (म्हणजे सावकाश उडणाऱ्या थिनरचा) अगदी हलका हात मारला तर झाक जाते म्हणे. पण खाली पॉलिस्टायरीन, जास्त झालं तर प्लॅस्टिकच विरघळायचं! दारांच्या बारीक रेघा बुजल्या तर मजाच गेली. कुणी करून पाहिलंय का? गाड्यांच्या रंगाच्या दुकानातलं रिटार्डर चालेल का, आणि नाशकात सुटं कुठे मिळेल? ‘दिवाळीपर्यंत थांब’ एवढं सोडून काहीही सांगा.