गावठाणालगतच्या द्राक्षबागेत ब्लोअरला बंधन हवं का?

मळ्याकडेचा

तासगाव तालुक्यातलं आमचं गाव तिन्ही बाजूंनी द्राक्षबागांनी वेढलेलं आहे. पुण्यातली नोकरी घरून करायची सोय झाली, तेव्हा आई, बायको, पोरगा सगळेच इथं राहायला आलो. ताकारी उपसा योजनेचं पाणी सुटलं की शिवार बघत राहावं असं होतं. राहायला गाव झकासच, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती फळछाटणीनंतरच्या तीन-चार महिन्यांची. पहाटे पाचला ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागचा पंख्यानं औषध उडवणारा फवारा, सुरू झाला की खिडक्या लावायची धावपळ. दोरीवरच्या पांढऱ्या सदऱ्यावर बोर्डोचे, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या औषधाचे, निळसर शिंतोडे दिसतात म्हणून कळतं तरी. जे औषध दिसत नाही ते गच्चीवरच्या टाकीत किती गेलं, कोण सांगणार?

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडायचा विचार आहे. घरं, शाळा, अंगणवाडी यांच्यापासून ५० फुटांच्या आत ब्लोअर फिरवू नये, तेवढ्या ओळी हातात धरायच्या पाइपच्या गनने फवाराव्यात. आणि फवारणीआधी गावच्या ग्रुपवर एक मेसेज टाकावा. एवढंच.

युरोपला जाणाऱ्या बागेची नोंदणी होते, मालातले औषधाचे अंश प्रयोगशाळेत तपासले जातात. २०१० साली सीसीसीचे (वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे) अंश सापडले आणि आपल्याकडची द्राक्षं तिकडं अडकली, तेव्हापासून तर निर्यातवाले एकेक दिवस मोजून औषध मारतात. रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकासाठी पाळता येतं, मग बांधापलीकडच्या पोरासाठी का नाही?

दोन एकर सोनाका

दादा, तुमचं घर बागेच्या आधीचं का नंतरचं, ते पहिलं सांगा.

रात्री पाऊस पडून गेला आणि पानं पहाटेपर्यंत ओली राहिली, की दावण्या (डाऊनी मिल्ड्यू, बुरशीचा रोग) आलाच म्हणून समजायचं. पोंगा, म्हणजे कोवळी फूट निघते तिथपासून फुलोऱ्यापर्यंतच्या दिवसांत फवारणी अर्धा दिवस लांबली तरी घड हातचा जातोय. त्या टायमाला ट्रॅक्टर काढू का ग्रुपवर मेसेज टाईप करत बसू?

आणि पहाटं मारतो ते काय हौसेनं? वारं पडलेलं असतंय म्हणून. नऊनंतर मारायला लावा, मग सगळं उडून तुमच्याच गॅलरीत येतंय का नाही बघा. तुमचा पगार महिन्याला येतोय. आमचा वर्षातनं एकदा, चार किलोच्या पेटीला व्यापारी म्हणंल त्या दरानं, आणि तो पळाला नाही तर.

मिरजेची लेक

दोघंही बांधावरून बोलताय. बागेच्या आत जी माणसं असतात त्यांचं कोणीच काढलं नाही.

छाटणी झाली की काडीवरचे डोळे (जिथून फूट निघते ते कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. आमच्या सासरच्या मळ्याशेजारी बघते ना, एका हातात बोळा, त्या हाताला रबरी मोजा असला तर असला, नाहीतर प्लॅस्टिकची पिशवी मनगटाला सुतळीनं बांधलेली. काडीकाडीवर एकेक डोळा पुसत ओळ संपवायची आणि त्याच हातानं घाम पुसायचा. पेस्टच्या दिवसांत दारू प्यायली तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, धाप लागते. हे शिवारातल्या प्रत्येक गड्याला माहीत आहे. इतकं माहीत असून मोजे का नसतात, हा माझा प्रश्न.

२०१७ साली यवतमाळात कपाशीवर फवारताना माणसं दगावली, तेव्हा चार दिवस सगळ्यांना मास्क आठवले. ठराव करायचाच तर पहिलं कलम मजुराचं घाला, मग तुमच्या टाकीचं.

पाचटवाला

बाग काढून ऊस लावायला सांगा सगळ्यांना. मग पाचट पेटलं की काजळी सदऱ्यावर येईल, रंग तेवढा बदलेल.

मळ्याकडेचा

@दोन एकर सोनाका, घर आजोबांचं आहे, बाग नंतरची. पण हा मुद्दाच गैर आहे. काल बांधलेल्या घरातल्या लेकराचं फुप्फुस काय वेगळं असतं? पहाटे वारं पडलेलं असतं हे मात्र खरं, म्हणून मी वेळेचं बंधन मागितलेलंच नाही, पुन्हा वाचा. अंतराचं मागतोय.

@मिरजेची लेक, ताई, तुमचं म्हणणं मान्य. पण मोजे-मास्क द्यायची जबाबदारी कायद्यात आधीच आहे. अंतराबद्दल गावात काहीच ठरलेलं नाही.

मिरजेची लेक

कायद्यात आहे म्हणून तर कुणी बघत नाही. ग्रामसभेत नाव घेऊन विचारलं की बघतील.

ब्लेनहाइमहून

मूळ कवठेमहांकाळचा, सध्या न्यूझीलंडच्या मार्लबरो भागात. इथंही गावाला बागांचाच वेढा, वर समुद्र जवळ. फोटो बघून घरचे म्हणतात, स्वर्गात राहतोस. स्वर्गात वसंतातल्या थंड पहाटे कोवळी फूट गोठू नये म्हणून बागेत मोठाले पंखे सुरू होतात, कधी हेलिकॉप्टर घिरट्या घालतं. पिकायच्या दिवसांत पाखरं हाकलायचे बार असतात ते वेगळेच. पंख्याच्या आवाजावरून शेजारी भांडतात आणि कौन्सिलला त्याचे नियम करावे लागले. नियम झाल्यावर बागा काही बंद पडल्या नाहीत.

दोन एकर सोनाका

भावा, तिकडं वाईनची द्राक्षं, मालक कंपनीवाला. आपल्याकडं पलूसला वाईन पार्क काढला, त्यानं माझ्या पेटीला चार आणे वाढवून दिले नाहीत. तिकडचा नियम इकडं आणताना तिकडचा दर पण घेऊन ये.

आता हिशोब करा. माझी बाग लांबुडकी, रस्त्याला चिकटून. ५० फूट म्हणजे पाच-सहा ओळी, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. एवढ्या गननं मारायच्या तर एक माणूस गनवर, एक पाइप ओढायला. ब्लोअरला मी एकटा बास होतो. छाटणीपासून माल निघेपर्यंत चार महिने, पावसाळी हवा असली की एक दिवसाआड फवारणी. ह्या दोघांची हजेरी कोण देणार? ठरावात ते कुठंच नाही.

मळ्याकडेचा

रास्त प्रश्न. माझ्या घराला लागून ज्या ओळी येतात, त्यांच्या जादा माणसाची हजेरी मी देतो. लिहून देतो.

मिरजेची लेक

असलं काही लिहून देऊ नका. तुमच्याकडं पगार आहे, तुमच्या घरापुढं गन येईल. मागच्या आळीत मजुरांची पत्र्याची घरं आहेत, अगदी बांधाला टेकून. तिथं हजेरी कोण भरणार? ज्याला परवडतं त्याच्यापुरता वारा स्वच्छ करायचा असेल तर ठराव कशाला, तुमचं तुम्ही मिटवून घ्या.

मळ्याकडेचा

मग ग्रामपंचायतीनं द्यावी.

पाचटवाला

ग्रामपंचायतीकडं दिवाबत्तीचं बिल भरायला पैसे नाहीत.

दोन एकर सोनाका

ताई बोलल्या ते बरोबर. मोजे मी ह्या छाटणीला आणतोय, माझ्या बागेत पेस्ट लावायला येणारीत माझी चुलती पण असते. मेसेजला पण ना नाही, पोरगं टाकंल ट्रॅक्टर बाहेर काढला की. ५० फुटाला मात्र मी हात वर करणार नाही, आणि आमच्या आळीतला एक पण बागायतदार करणार नाही. २ तारखेला या, तोंडावर सांगतो.