मदत हवी आहे: पर्लमध्ये एआरपी पॅकेट डिकोड करताना भलतेच आकडे येतात

टर्मिनलकर:
एआरपी म्हणजे आयपीवरून मशीनचा मॅक (नेटवर्क कार्डाचा पत्ता) विचारणारी पॅकेटं. पर्लच्या नेट-पीकॅप मॉड्यूलने पॅकेट पकडतोय, नेटपॅकेटच्या इथरनेट आणि एआरपी मॉड्यूलने डिकोड करतोय. ऑपकोड १ (विचारणा) किंवा २ (उत्तर) यायला हवा, येतोय १५४०. आयपीच्या जागी तर काहीही. टीसीपीडम्प या पॅकेट दाखवणाऱ्या कमांडला तीच पॅकेटं व्यवस्थित दिसतात. एका पतसंस्थेत प्रिंटरचा आयपी दुसरंच कुठलं तरी मशीन घेतंय, ते शोधायचंय. उद्या काउंटर उघडायच्या आत हवंय, प्लीज लवकर सांगा.

बाइटमोजणी:
स्क्रिप्ट कुठाय? कोणत्या इंटरफेसवर ऐकताय? एका पॅकेटची सगळी फील्डं छापून इथे टाका. नुसत्या ऑपकोडवरून काय सांगणार?

पायथनप्रेमी:
पर्ल सोडा हो. पायथनची स्केपी लायब्ररी घ्या, पाठवणाऱ्याचा आयपी आणि मॅक सरळ वाचता येतील असे मिळतात. चार ओळींचं काम आहे.

घाटमाथा:
आमच्याकडेही आयपीची भांडणं व्हायची. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि एआरपी कॅश (लक्षात ठेवलेल्या आयपी-मॅक जोड्या) साफ करा. लगेच फरक पडतो.

टर्मिनलकर:
कॅशबद्दल मी विचारलंच नाहीये. सर्व्हर लिनक्स आहे, नवीन काही बसवायची परवानगी नाही, पर्ल आहे तेवढंच. हे घ्या: एचटाइप (हार्डवेअरचा प्रकार) २०५४, प्रोटो (प्रोटोकॉल) १, एचलेन (मॅकची लांबी) ८, पीलेन (आयपीची लांबी) ०, ऑपकोड १५४०. इंटरफेसचा इथे काय संबंध?

जुनीकेबल:
व्हीलॅन (एकाच लॅनचे आभासी भाग) असणार. ४ बाइटचा टॅग मध्ये घुसतो आणि पुढचं सगळं सरकतं. टॅग काढून डिकोड करा.

बाइटमोजणी:
व्हीलॅन नाही. २०५४ हेक्समध्ये लिहा: ०८०६. हा एआरपीचा इथरटाइप (आत कोणतं पॅकेट आहे ते सांगणारा आकडा), तो आधीच्या हेडरमध्ये हवा. टॅग असता तर हा आकडा एचटाइपच्या नाही, प्रोटोच्या जागी दिसला असता. आणि १५४० म्हणजे ०६०४: मॅकची लांबी ६, आयपीची ४. तुम्ही बरोबर दोन बाइट आधीपासून वाचताय.
इंटरफेस 'एनी' (सगळी कार्डं एकदम) दिलाय ना? तिथे इथरनेटचं १४ बाइटचं हेडर मिळत नाही, लिनक्सचं १६ बाइटचं 'कुक्ड' हेडर मिळतं. पीकॅपला डेटालिंक (हेडरचा प्रकार) विचारा. इथरनेट असेल तर १, हे असेल तर ११३.

पायथनप्रेमी:
म्हणूनच म्हणत होतो. स्केपी लिंक-टाइप बघून हेडर आपलं आपण निवडते.

बाइटमोजणी:
निवडू दे की. त्यांना बसवताच येत नाही, वर लिहिलंय त्यांनी.

टर्मिनलकर:
'एनी'च आहे. ११३ आलं! पहिले १६ बाइट सोडून एआरपीला दिलं, ऑपकोड १ आला. पण आयपी अजून आठ हेक्स अक्षरांत येतोय.

बाइटमोजणी:
हे मॉड्यूल पत्ते हेक्समध्येच देतं. 'एच८'ने पॅक करा, 'सी४'ने अनपॅक करा, मध्ये टिंबं जोडा. शिवाय 'एनी' सोडून खऱ्या कार्डाचं नाव द्या.
एक महत्त्वाचं: पाठवणाऱ्याचा आयपी ०.०.०.० असलेली पॅकेटं गाळू नका. पत्ता घेण्याआधी मशीन असा प्रोब पाठवतं (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज आरएफसी ५२२७, २००८). हवा असलेला पत्ता टार्गेटमध्ये असतो. तुमचं घुसखोर मशीन तिथेही सापडू शकतं.

जुनीकेबल:
मूळ आरएफसी ८२६ वाचा, डेव्हिड प्लमर, १९८२. त्यांनी पत्त्यांच्या लांब्या पॅकेटातच ठेवल्या, कारण एआरपी फक्त इथरनेट आणि आयपीसाठी नव्हता. मॉड्यूलने ६ आणि ४ ठोकून बसवणं मला पटत नाही.

बाइटमोजणी:
पतसंस्थेच्या लॅनवर दुसरं काय येणार आहे?

जुनीकेबल:
काय येणार हा मुद्दाच नाही. लांबी लिहून दिलीय तर ती वाचावी. याच पॅकेटात ८ आणि ० लांबी बघून मॉड्यूलने तिथेच तक्रार केली असती.

टर्मिनलकर:
कार्डाचं नाव दिलं, आता सगळं बरोबर येतंय. प्रिंटरच्या आयपीसाठी दोन मॅक उत्तर देताहेत, त्यातला एक प्रिंटरवरच्या स्टिकरशी जुळतो. दुसरा कुठल्या पोर्टवर आहे ते कसं काढू? स्विच साधा आहे, मॅनेज्ड नाही.

बाइटमोजणी:
साधा स्विच सांगणार नाही. त्या आयपीला सतत आर्पिंग (एआरपी विचारणा पाठवणारी कमांड) चालू ठेवा आणि स्विचमधून एकेक केबल काढत जा. ज्या केबलला त्या मॅकचं उत्तर थांबेल, तिचं दुसरं टोक बघा. काउंटर उघडायच्या आत करा.