सरकारी गॅझेटात (म्हणजे राजपत्रात) छापलं म्हणजे सगळ्यांना कळलं, हे अजून किती वर्षं मानायचं?

पेठेतला
नोव्हेंबर १९६२. मेयर हान्स जॉर्ज नावाचा माणूस झुरिकहून मनिलाला चाललाय, विमान मध्ये सांताक्रूझला थांबतं, २८ तारखेच्या पहाटे कस्टमवाले त्याची झडती घेतात आणि अंगातल्या खास शिवून घेतलेल्या जाकिटातून ३४ किलो सोनं निघतं. आता गंमत बघा. भारतात न उतरवता नुसतं पुढे जाणारं सोनंसुद्धा विमानाच्या मॅनिफेस्टमध्ये (मालाच्या यादीत) दाखवायलाच पाहिजे, हा नियम रिझर्व्ह बँकेने काढला ८ नोव्हेंबरला, आणि भारताच्या राजपत्रात तो छापून आला २४ तारखेला. म्हणजे जेमतेम चार दिवस आधी. हा बाबा तेव्हा भारतात नव्हताच. मॅजिस्ट्रेटने वर्षाची शिक्षा ठोठावली, मुंबई हायकोर्टाने सोडून दिलं, सुप्रीम कोर्टाने १९६४ मध्ये परत दोषी धरलं, दोन विरुद्ध एक. न्या. सुब्बा राव एकटे विरोधात होते. बहुमताचं म्हणणं थोडक्यात काय, तर राजपत्रात आलं, विषय संपला, तुला व्यक्तिशः कळलं की नाही हा तुझा प्रश्न.

माझं म्हणणं एवढंच की हे सोंग आता पुरे झालं. तुमच्यापैकी कोणी आयुष्यात राजपत्र वाचलंय का? नाव बदलल्याचं पान सोडून? ते पान आपण लॅमिनेट करून पासपोर्टच्या फायलीत ठेवतो, बाकीच्या पानांवर काय असतं ते छापणाऱ्यालाच ठाऊक.

अॅड. बिनपक्षकार
अहो, अंगावर ३४ किलो बांधून फिरणाऱ्या माणसाबद्दल एवढा कळवळा? आणि शिक्षेचं अर्धंच सांगितलंत. सुप्रीम कोर्टाने दोषी धरलं पण शिक्षा तोवर भोगली तेवढीच पुरे केली, ते पण लिहा की.

आता दुसरी बाजू. जयपूर संस्थानात १९२३ मध्ये मंत्रिमंडळाने बंद खोलीत ठराव करून अफूचा कायदा केला आणि छापलाच नाही, कुठेच नाही. पुढे हरला नावाच्या माणसाला त्याच कायद्याखाली ५० रुपये दंड झाला. ५० रुपयांसाठी माणूस सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९५१ मध्ये जिंकला (नाव हरला, काय करणार). निकाल लिहिला आपल्या नागपूरच्या न्या. व्हिव्हियन बोस यांनी: जो कायदा लोकांना कळायची काही सोयच केली नाही तो लोकांवर लादता येत नाही. म्हणजे राजपत्र हे सरकारच्या सोयीसाठी आहे असं जे तुम्हाला वाटतंय ते उलटं आहे, राजपत्र हा सरकारच्या गळ्यातला पट्टा आहे. छापल्याशिवाय तुला हात लावता येणार नाही, हे सरकारला सांगणारी तीच एक जागा आहे.

पेठेतला
वकीलसाहेब, मान्य की न छापलेला कायदा वाईट. पण म्हणून छापला की झालं, हे कुठून आलं? तुम्ही पहिली पायरी दाखवून जिना चढलो म्हणताय.

जुना जुळारी
सरकारी छापखान्यात आयुष्य गेलं म्हणून बोलतो. राजपत्र कोणी वाचत नाही हे खरं नाही. तालुक्याच्या कोर्टात, कलेक्टर कचेरीत, वाचनालयात बांधीव खंड असायचे आणि माणसं येऊन शोधायची. बढती, बदली, नेमणूक सगळं त्यात, गॅझेटेड ऑफिसरची सही म्हणून लोक दारोदार फिरायचे तो रुबाबही त्याचाच. आमच्याकडे प्रूफ वाचताना एक चूक राहिली की दुसऱ्या अंकात शुद्धिपत्रक काढावं लागायचं, आणि शुद्धिपत्रक निघालं म्हणजे साहेबांच्या केबिनमध्ये बोलावणं आलंच. 'असाधारण' (नेहमीच्या अंकाबाहेरचा, तातडीचा) अंक आला की रात्रपाळी, जेवणाचा डबा तसाच घरी परत. केंद्राने १ ऑक्टोबर २०१५ पासून छापणंच बंद केलं, आता फक्त पीडीएफ. कागदाचा खंड जळाला तर दुसऱ्या जिल्ह्यात दुसरा असायचा. एका सरकारी साइटचा पत्ता बदलला तेव्हा माझ्या वहीत लिहून ठेवलेल्या सगळ्या लिंका एका रात्रीत मेल्या, त्याचं काय?

कीबोर्डवरून
काका आदर आहे पण हा नॉस्टॅल्जिया झाला. स्वीडनचं राजपत्र १६४५ पासून चालू आहे, २००७ पासून फक्त वेबवर निघतं, आकाश कोसळलं नाही.

आणि छापील तारखेत केवढा गोंधळ असायचा ते बघा. २४ तारखेचा अंक म्हणजे २४ ला सकाळी की रात्री, टपालाने नागपूरला कधी पोचला, काही पत्ता नाही. आता उलट. पुलवामानंतर १६ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानातून येणाऱ्या मालावर २०० टक्के ड्युटी लावली. ती अधिसूचना ई-राजपत्रात चढली रात्री ८ वाजून ४६ मिनिटं ५८ सेकंदांनी. अटारी सीमेवर ज्या व्यापाऱ्यांनी त्याच दिवशी आधीच कागद दाखल केले होते त्यांच्याकडूनही सरकार २०० टक्के मागायला लागलं, कारण तारीख तीच ना! सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं की नाही, सेकंदापर्यंत वेळ माहिती आहे तर त्या वेळेच्या आधीच्यांना जुनाच दर. निकाल न्या. चंद्रचूडांचा. हे छापील अंकात झालं असतं का? व्यापारी बुडाले असते.

पेठेतला
@कीबोर्डवरून, वेळ कळली, बातमी कोणाला कळली? ८ नोव्हेंबर २०१६ घ्या (परत ८ नोव्हेंबर, रिझर्व्ह बँकेला ही तारीख भारी आवडते वाटतं). नोटा रद्द झाल्या त्या राजपत्राच्या भाग २, खंड ३, उपखंड दोन मधल्या असाधारण अंकाने. तुम्ही-आम्ही काय तो उपखंड उघडून बसलो होतो? रात्री आठला टीव्हीवर भाषण ऐकलं आणि एटीएमकडे पळालो. कायदा राजपत्राने झाला, कळलं टीव्हीने. मग टीव्हीलाच राजपत्र म्हणा.

टेम्सकाठी
इथे लंडनमध्ये बसून गंमत वाटते, कारण हे सगळं ज्याच्यावरून आपण उचललं ते 'लंडन गॅझेट' मुळात बातमीपत्रच होतं. १६६५ ला लंडनमध्ये प्लेग, दुसरा चार्ल्स दरबार घेऊन ऑक्सफर्डला पळाला, आणि लंडनहून आलेल्या कागदाला हात लावायलासुद्धा दरबारी घाबरायचे म्हणून नोव्हेंबरमध्ये 'ऑक्सफर्ड गॅझेट' काढलं. राजा परतल्यावर फेब्रुवारी १६६६ मध्ये २४ व्या अंकापासून ते 'लंडन गॅझेट' झालं. त्याच वर्षी लंडन जळालं त्याची बातमी त्यात आहे. लढाया, जहाजं, दिवाळखोरी, सगळं. लोक विकत घेऊन वाचायचे. पुढे बातम्या इतर पेपरांनी नेल्या आणि गॅझेटकडे फक्त नोटिसा उरल्या.

पण त्या नोटिसांमध्येच आपली माणसं आहेत हो. इटलीत १९४४ मध्ये पडलेले यशवंत घाडगे, माणगावला ज्यांचा पुतळा आहे ते, आणि १९४५ मध्ये सेनिओ नदीवर जखमींना पाठीवरून आणणारे नामदेव जाधव, दोघेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. दोघांनी काय केलं ते लंडन गॅझेटमध्ये अधिकृत छापलं, व्हिक्टोरिया क्रॉस म्हणून. पुतळ्यावरचा मजकूर बदलता येतो, ते पान नाही. त्यामुळे 'कोणी वाचत नाही' हा मुद्दाच मला लंगडा वाटतो. ते आज वाचण्यासाठी नसतंच, ८० वर्षांनी भांडण लागलं की उघडण्यासाठी असतं.

कीबोर्डवरून
व्हिएन्नाचं उदाहरण राहिलं. 'विनर त्साइटुंग', १७०३ पासूनचं, सरकारी मालकीचं आणि तरी रोजचा खराखुरा पेपर, पत्रकार वगैरे. खर्च निघायचा कशावर, तर कंपन्यांनी नोटिसा त्यात छापल्याच पाहिजेत ह्या सक्तीवर. २०२३ मध्ये कायद्याने सक्ती काढली आणि ३० जूनला शेवटचा छापील दैनिक अंक निघाला. म्हणजे पेठेतले म्हणतात तसं वाचनीय राजपत्र होतं एक, पण ते वाचकांच्या नाही, सक्तीच्या जिवावर चालत होतं.

मांडवीतीर
गोंयात १८२१ ला 'गझेटा दे गोवा' निघालं, सरकारीच, पाच वर्षांत बंद. १८३७ पासून 'बोलेतिम' हे सरकारी पत्र. सगळं पोर्तुगीजमध्ये. किती गावकऱ्यांना वाचता येत होतं विचारा. 'छापलं म्हणजे कळलं' याचा ह्याहून मोठा विनोद नाही.

बांधावरून
तुमचं सगळं विमान, सोनं आणि व्हिएन्ना चाललंय, माझं जमिनीचं सांगतो. आमच्या गट नंबरवर रस्ता येणार हे वडिलांना राजपत्रातून नाही, चावडीवरच्या कागदावरून कळलं, तोही कोणीतरी शेळ्या राखणाऱ्याने सांगितलं म्हणून. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात राजपत्र एक, दोन दैनिकं (त्यातलं एक स्थानिक भाषेत), ग्रामपंचायतीत नोटीस, वेबसाइट, असं सगळं सांगितलंय. का सांगितलंय? कारण कायदा करणाऱ्यालाच माहितीये की नुसत्या राजपत्राने कोणाला काही कळत नाही. मग हीच अक्कल बाकीच्या कायद्यांना का नको?

अॅड. बिनपक्षकार
कारण मग कायदा लागू कधी झाला ते सांगता येणार नाही. राजपत्राची एक तारीख, पेपरची दुसरी, तुमच्या चावडीची तिसरी, आणि मधल्या काळात ज्याने काही केलं तो गुन्हेगार की नाही? एक तारीख लागते. ती राजपत्र देतं.

बांधावरून
साहेब, त्याचंही उत्तर कायद्यातच होतं. १८९४ चा जुना भूसंपादन कायदा, १९८४ ची दुरुस्ती: राजपत्र, दैनिकं, गावातली नोटीस यात जी तारीख सगळ्यात शेवटची तीच अधिसूचनेची तारीख. झालं की. गावाला सगळ्यात उशिरा कळलं ना, मग तिथूनच दिवस मोजायचे. इंग्रजाच्या कायद्यात बसलं ते तुम्हाला का जड जातंय?

अॅड. बिनपक्षकार
जमिनीला गाव असतं, गावाला चावडी असते. कस्टम ड्युटीची नोटीस कुठल्या चावडीवर लावायची ते सांगा, मग बोलू.