मेट्रो ११ : भुयारी मार्गाला आत्ताच हात घालावा का?

हिशेबनीस (चर्चाप्रस्ताव)

आरे ते कफ परेड ही मुंबईची पहिली भुयारी मेट्रो, म्हणजे मेट्रो ३, ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण लांबीने सुरू झाली. त्याच्या महिनाभर आधी राज्य मंत्रिमंडळाने वडाळ्याजवळचे आणिक आगार ते गेटवे ऑफ इंडिया या मेट्रो ११ ला मंजुरी दिली. साडेसतरा किलोमीटरच्या या मार्गावर १४ स्थानके असून त्यांपैकी १३ जमिनीखाली असतील. खर्चाचा अंदाज २३,४८७ कोटी रुपयांचा आहे. हा मार्ग आत्ता आणि या क्रमाने हाती घेऊ नये, असे माझे मत आहे. ते येथे मांडतो आणि विरोधी मते ऐकण्याची इच्छा आहे.

आधी पैशांचे बोलू. २०१३ मध्ये केंद्राने मेट्रो ३ मंजूर केली तेव्हा तिचा अंदाज २३,१३६ कोटींचा होता, आणि कारशेडचा वाद, न्यायालयीन स्थगित्या, करोना व वाढलेली महागाई यांतून जाता जाता तो ३७,२७६ कोटींवर पोहोचला. साडेतेहतीस किलोमीटरला भागले तर किलोमीटरमागे अकराशे कोटींहून अधिक पडतात. मेट्रो ११ चा आकडा, एकही कुदळ पडण्याआधीच, किलोमीटरमागे १,३४० कोटींच्या घरात आहे. तो शेवटी कुठे जाईल याचा अंदाज वाचकांनीच बांधावा.

दुसरा मुद्दा माणसांचा. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या दक्षिण भागाची, लोकसंख्या २००१ मध्ये ३३ लाख ३८ हजार होती, ती २०११ मध्ये ३० लाख ८५ हजारांवर आली. माणसे कल्याण, बदलापूर, वसई, विरारकडे सरकली. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकणारे प्रवासी धावत्या लोकलमधून पडून दगावले, ते त्याच पट्ट्यातले. रुळांवर आणि गाड्यांतून पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात अशा शहरात सगळ्यात महागडे बोगदे लोकवस्ती घटलेल्या टोकाला का खणायचे?

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भुयारी गाडी वीस-पंचवीस मीटर खाली कितीही झकास धावली, तरी प्रवाशाचा वेळ खातो तो वरचा अर्धा किलोमीटर. दादरचे मेट्रो स्थानक गोखले मार्गाखाली आहे आणि रेल्वेचे स्थानक बाजाराच्या पलीकडे. संध्याकाळी सात वाजता, हातात पिशवी घेऊन, फेरीवाले आणि टॅक्सी चुकवत तेवढे अंतर चालून पाहावे. हे अंतर भरून काढायचे काम बेस्टचे होते. बेस्टचा ताफा एके काळी साडेचार हजार बसगाड्यांच्या आसपास होता, तो आता तीन हजारांच्याही खाली आहे आणि मे २०२५ पासून किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले आहे. मेट्रो ११ च्या खर्चातला अगदी छोटा हिस्सा बसगाड्यांकडे आणि पादचारी मार्गांकडे वळवला, तर आधीच बांधलेल्या मेट्रोचे प्रवासी वाढतील. ते करून मग पुढचा बोगदा खणावा.

कातळ

मी भूमिगत बांधकामाच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे माझे मत कोणत्या बाजूला झुकलेले असेल हे आधीच सांगून टाकतो.

हिशेबनीस यांनी किलोमीटरमागचा खर्च काढला, पण तो कशात जातो हे सांगितले नाही. बोगदा हा तुलनेने स्वस्त भाग आहे. मेट्रो ३ साठी १७ बोगदा-यंत्रे वापरली गेली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये महालक्ष्मी येथे ४२ वे व शेवटचे आरपार भुयार झाले. पैसा आणि वेळ खातात ती स्थानके. रस्ता रुंद असेल तर दोन्ही कडांना एकमेकांत अडकणाऱ्या काँक्रीटच्या खांबांची भिंत उतरवायची, वर लोखंडी पत्रे टाकून वाहतूक चालू ठेवायची आणि खाली उकरत जायचे, ही सोपी रीत. पण गिरगाव-काळबादेवीला, जगन्नाथ शंकरशेट मार्गावर, तेवढी रुंदीच नव्हती. तिथे एका बाजूला उभा खड्डा घेऊन, खाली उतरून, आडवे भुयार हाताने म्हणावे इतक्या संयमाने रुंदावत न्यावे लागले. थोडे खोदायचे, उघड्या पडलेल्या खडकावर लगेच शॉटक्रीटचा, म्हणजे फवारून बसवायच्या काँक्रीटचा, थर मारायचा, खडक धरून ठेवणारे लोखंडी रॉक बोल्ट ठोकायचे, वरच्या चाळींवर लावलेल्या मापकांचे आकडे बघायचे आणि ते ठीक असतील तरच पुढे सरकायचे. चाळीच्या भिंतीत आधीपासून असलेल्या तड्यावरसुद्धा मापक बसवतात, कारण नंतर तो तडा कोणी पाडला यावरून वाद होतो.

आता मेट्रो ११ पाहा. ती शिवडी, भायखळा, नागपाडा, भेंडी बाजार, सीएसएमटी या पट्ट्यातून जाते. मोहम्मद अली मार्गावर जे. जे. उड्डाणपूल आधीच उभा आहे, आणि फोर्टातल्या वारसा इमारतींसमोर खांब रोवायला कोणी परवानगी देणार नाही आणि देऊही नये. म्हणजे या भागात 'भुयारी की उन्नत' हा पर्यायच नाही. भुयारी किंवा काहीच नाही, एवढीच निवड आहे.

'आधी बस, मग बोगदा' हा क्रम ऐकायला बरा वाटतो. पण मेट्रो ३ च्या निमित्ताने या शहरात बेसॉल्ट, ब्रेशिया आणि टफ या तिन्ही खडकांतून यंत्रे चालवणारी माणसे तयार झाली आहेत. दहा वर्षे थांबलात तर ती दुबईला किंवा बंगळुरूला गेलेली असतील आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवरून, वाढलेल्या दराने सुरुवात कराल.

नानाचौक

कातळ यांनी गिरगावचे वर्णन नेटके केले, पण ते खालून केले. वरून असे दिसत होते, की वर्षानुवर्षे निळ्या-पांढऱ्या पत्र्यांनी दुकानांची दारे झाकली, गिऱ्हाईक पलीकडच्या पदपथावरून निघून जाऊ लागले आणि रात्री अकरानंतरही ड्रिलचा आवाज थांबेना. ज्यांच्या इमारती गेल्या त्यांना त्याच परिसरात घरे द्यायची असे ठरले, आणि ते ठरवून घेण्यासाठी रहिवाशांना रस्त्यावर उतरावे लागले. मेट्रोचे तिकीट काढणाऱ्याला हा खर्च दिसत नाही, कारण तो ३७,२७६ कोटींत धरलेलाच नाही.

माझा मेट्रो ११ ला सरसकट विरोध नाही. भेंडी बाजारात सैफी बुऱ्हाणी ट्रस्टतर्फे सुमारे साडेसोळा एकरांचा समूह पुनर्विकास चालू आहे. स्थानकाची प्रवेशद्वारे आणि नव्या इमारतींची जोती यांचा एकत्र विचार झाला, तर त्या लोकांना एकदाच हलावे लागेल. तसा विचार झाला नाही, तर आधी बिल्डर खणेल, मग मेट्रो खणेल आणि शेवटी महापालिका पाण्याची वाहिनी शोधायला खणेल. आणि कातळ यांना एक सरळ प्रश्न : ऑगस्ट २०१९ मध्ये कोलकात्याच्या बोबाजारात बोगदा-यंत्राने भूजलाचा साठा फोडला, घरे खचली आणि शेकडो लोकांना रातोरात बाहेर काढावे लागले. नागपाड्याच्या जुन्या इमारतींखाली तसे होणार नाही याची हमी कोण देणार?

कातळ

हमी कोणी देत नाही, जोखीम मोजली जाते. कोलकाता गंगेच्या गाळावर बसले आहे, तिथे यंत्र पाण्याने भरलेल्या वाळूतून जाते. मुंबईच्या शहर भागात बोगद्याच्या पातळीवर बहुतेक ठिकाणी खडक लागतो. काळजीची जागा आहे ती शिवडीच्या बाजूला, जिथे भरणी टाकून केलेली जमीन आणि खाडीची चिकणमाती आहे. पण तिथे वर दाट वस्ती कमी आणि गोदामे जास्त आहेत.

पावसाळी

खडकाचे ठीक, पण पाण्याचे काय? २६ मे २०२५ च्या पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरले. मार्ग वरळीपर्यंत सुरू होऊन तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तसा दिवस पुन्हा आला तर? हिंदमाता आणि नागपाडा ही नावे मुंबईकराला पावसाच्या बातम्यांतूनच पाठ झाली आहेत.

कातळ

ते पाणी अपूर्ण प्रवेशद्वारातून, तात्पुरती भिंत कोसळल्यामुळे आले. म्हणजे चूक रचनेची नव्हती, अर्धवट काम असताना स्थानक सुरू करण्याच्या घाईची होती, आणि त्या घाईचे मी समर्थन करणार नाही. प्रवेशद्वाराचे जोते पुराच्या नोंदींहून वर ठेवणे आणि दारात पूररोधक फळ्या बसवणे हे जगभर रुळलेले उपाय आहेत. पण पावसाळ्याच्या तोंडावर उद्घाटन करायचे आणि मग निसर्गाला दोष द्यायचा, हे मेट्रो ११ च्या वेळी होऊ नये.

आठ_पंचवीस_फास्ट

मी डोंबिवलीहून फोर्टात नोकरीला येते, म्हणजे हिशेबनीस ज्यांच्या नावाने बोलत आहेत त्यांतली एक. आमची काळजी केल्याबद्दल आभार, पण निष्कर्ष मला मान्य नाही.

मेट्रो ११ हा सुटा मार्ग आहे असे धरून सगळी चर्चा चालली आहे. कासारवडवली ते वडाळा या मेट्रो ४ चा दक्षिणेकडचा विस्तार म्हणून वडाळा ते सीएसएमटी हा मार्ग मुळात आखला गेला होता. मेट्रो ४ सुमारे ३२ किलोमीटरची, पूर्णपणे उन्नत, ठाणे, मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर असा सगळा पूर्व पट्टा घेऊन वडाळ्याला येणार आणि तिथे थांबणार. मेट्रो ११ नसेल तर हे सगळे प्रवासी सकाळी नऊ वाजता वडाळ्याला उतरून हार्बर मार्गाच्या लोकलमध्ये शिरतील. ज्यांनी हार्बरची सकाळची गाडी पाहिली आहे त्यांना पुढे सांगायला नको. शहराच्या टोकाला राहणारे कमी झाले असतील, पण तिथे कामाला येणारे आम्ही आहोत, आणि आमची शिरगणती घराच्या पत्त्यावर होते, ऑफिसच्या नाही. लोकसंख्येचा तो आकडा येथे लावणे म्हणूनच मला पटत नाही.

आणखी एक. मध्य रेल्वेवर जादा मार्गिका टाकाव्यात हे बरोबर आहे, पण कुर्ल्याच्या दक्षिणेला रुळांच्या दोन्ही बाजूंना इमारती टेकलेल्या आहेत, तिथे जागा कुठून आणणार? दिव्यापर्यंत आणि ठाण्यापर्यंत करता येते ते वेगळे, परळ-भायखळ्याचे वेगळे.

पेठकर

पुण्याहून छोटीशी भर. सप्टेंबर २०२४ मध्ये दिवाणी न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून मंडईला जाण्यासाठी गाडी न काढणारे लोक मला माझ्या आसपास दिसतात, कारण स्थानक थेट मंडईतच आहे. स्वारगेटलाही एसटीचे आणि पीएमपीचे स्थानक शेजारी आहे. जिथे उतरून फार चालावे लागत नाही तिथे लोक येतात, एवढेच निरीक्षण. त्यातून हिशेबनीस यांचा तिसरा मुद्दा बळकट होतो, पहिले दोन नाही.

हिशेबनीस

मेट्रो ४ चा मुद्दा वजनदार आहे, आणि त्याला बगल देणार नाही. पण तोच पुढे नेऊन विचारतो. मेट्रो ४ मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण बांधत आहे आणि मेट्रो ११ ची जबाबदारी मेट्रो ३ बांधणाऱ्या मुंबई मेट्रो रेल महामंडळाकडे आहे. ठाण्याचा प्रवासी वडाळ्याला त्याच फलाटावर, त्याच गाडीत बसून पुढे जाणार की उन्नत स्थानकावरून उतरून, रस्ता ओलांडून, भुयारात जाऊन, पुन्हा तपासणी करून दुसरी गाडी पकडणार? दुसरे होणार असेल, तर मूळ विस्ताराचा फायदा निम्मा गेला, आणि तो २३ हजार कोटी खर्चून गेला. मरोळ नाक्याला मेट्रो १ आणि मेट्रो ३ जोडल्या आहेत हे खरे, पण तिथला उन्नत फलाट ते भुयारी फलाट हा उभा प्रवास सोबत म्हातारी माणसे असताना करून पाहावा.

भाड्याचेही पाहा. मेट्रो ३ च्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७० रुपये लागतात, लोकलच्या दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीट ५ रुपयांचे आहे. मासिक पास काढून येणाऱ्या माणसाला मधल्या तुकड्यासाठी वेगळे पैसे मोजायला लावले, तर तो हार्बरमध्येच लोंबकळत जाईल.

आगाराचे तर कोणी बोललेच नाही. मेट्रो ११ च्या आगारासाठी बेस्टच्या आणिक-प्रतीक्षानगर आगाराची जागा धरली आहे. म्हणजे मेट्रोपर्यंत माणसे पोहोचवायची त्या बसगाड्यांच्याच जागेवर मेट्रोच्या गाड्या उभ्या राहणार.

आठ_पंचवीस_फास्ट

खाली मेट्रोच्या गाड्या आणि वरच्या मजल्यावर बसगाड्या अशी रचना करता येते, जागा वाटून घेण्यात काही वावगे नाही. ती निविदेत लिहून घ्यायला लावा, त्यासाठी मीही सही करीन. वडाळ्याच्या फलाटाबद्दलची तुमची शंका रास्त आहे, आणि ती आराखडा पक्का होण्याआधीच उपस्थित झाली पाहिजे. भायखळ्याला मध्य रेल्वेच्या पुलापासून आणि शिवडीला हार्बरच्या फलाटापासून थेट जोडरस्ता हवा, हेही त्याच यादीत घाला. पण 'आधी बस' म्हणून मार्गच मागे ठेवला, तर मेट्रो ४ सुरू होईल त्या सकाळी वडाळ्याच्या पुलावर जी चेंगराचेंगरी होईल तिचा हिशेब तुमच्या वहीत कोणत्या रकान्यात धरणार आहात?

नानाचौक

सही माझीही घ्या, एका अटीवर. भेंडी बाजार आणि नागपाड्यातल्या भाडेकरूंच्या पुनर्वसनाचा करार पहिला पत्रा ठोकण्याआधी झालेला असावा, आणि तो मराठीत व उर्दूत छापून इमारतीच्या जिन्याखाली लावलेला असावा.