कोपर दुखतंय, हातोडी कुठली घेऊ?

सेंट्रिंगवाला: नमस्कार मंडळी. सांगलीकडं सेंट्रिंगची, म्हणजे स्लॅबच्या साच्याच्या फळ्या ठोकायची कामं करतो, वय 46. तीन महिने झाले, उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगाला कळ येते. आधी ठोकतानाच यायची, आता चहाचा कप उचलतानाही. डॉक्टर म्हणाले, टेनिस एल्बो. जन्मात रॅकेट धरली नाही बघा! हातोडी दांड्यासकट एकसंध लोखंडी, 20 औंस, म्हणजे 570 ग्रॅमच्या आसपास. हलकी घेतली तर तीन इंची खिळा जाईल का?

जुना मिस्त्री: लोखंडी दांडा आधी बाजूला ठेव. दणका सरळ कोपरात जातो. लाकूड त्यातला बराचसा गिळतं. वाळलेल्या बाभळीचा दांडा करून घे; रेषा लांबीला सरळ हव्यात, गाठ नको. मूठ अंडाकृती अन् हातात भरेल अशी. बारीक मूठ आवळून धरावी लागते, तिथंच हात मरतो. डोकं 450 ग्रॅमचं पुरे. त्याहून हलकं नको, चार घावांच्या जागी आठ घालत बसशील. आणि दांडा शेवटाकडं धर. तुम्ही पोरं मधेच धरता, मग सगळा जोर मनगटाचा.

फिजिओताई: दादा, मनगट मागं वळवणाऱ्या स्नायूची दोरी कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटलेली असते. मूठ आवळली की तीच ताणली जाते. म्हणून पकड सैल, मनगट सरळ. कोपराला आधाराचा पट्टा लावत असाल तर सांध्यावर नको, दोन बोटं खाली बांधा. पण नुसत्या हातोडीनं हे जाणार नाही, व्यायाम शिकून घ्या. बोटांना मुंग्या आल्या तर पुन्हा डॉक्टरांकडे जा.

जुना मिस्त्री: आणि फळ्या सोडवताना खिळे हातोडीनं उपसतोस ना? ते बंद कर. लांब पहार घे.

सेंट्रिंगवाला: बरोबर पकडलंत, उपसायचं काम माझ्याकडंच असतं. तीन आठवड्यांनी लिहितोय. बाभळीचा दांडा बसवला, पाचर मारली. पहिले दोन दिवस नेम चुकला, अंगठा काळानिळा. पोरं हसली. कळ गेली नाही, पण संध्याकाळी भाकरी मोडता येते. दांड्याला गोडेतेल लावलं तर चालेल का?

जुना मिस्त्री: जवसाचं लाव. गोडेतेल वाळत नाही, हातातून सटकेल.